सबटायटल

खणभागातल्या त्या हॉलच्या भिंतीवर
एकोणीसच्या पुराची रेघ अजून आहे,
माझ्या खांद्याच्या वर चार बोटं.
पडदा तिच्याही वर टांगलेला.
म्हणजे स्पेनमध्ये जे काही घडायचं
ते आमच्या पाण्याच्या वर घडायचं.

दुसरा आणि चौथा रविवार.
उदगावे सर पाच मिनिटं म्हणून पंचवीस मिनिटं बोलायचे,
मग पंखा बंद करायचे, आवाज येतो म्हणून.
मी तिसऱ्या रांगेत.
पुढे शेडबाळे, नवरा-बायको.
तो हळदीच्या पेढीवर, शर्टाला कायम पेवाचा वास,
मी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला,
पावत्या, बॉक्स, वजनातली घट.

खालची इंग्रजी अक्षरं भराभर पळायची.
तो बायकोच्या कानाशी मराठीत सांगायचा,
आणि मी पुढे झुकून ऐकायचे.
ऐकायचे म्हणजे चोरायचे, सरळच सांगते.

निळ्या फरशांचं स्वयंपाकघर.
एक बाई संत्रं सोलतेय, साल तुटू न देता,
आणि दारातून दीर तिच्या मानेकडे बघतोय.
"ती म्हणतेय, उशीर झाला," तो कुजबुजायचा,
भिजल्या गोणपाटासारख्या जड आवाजात,
आणि काटा माझ्या मानेवर.

घरी येऊन मी संत्री सोलायचे.
साल दर वेळी तुटायची.
त्याची स्कूटर हरिपूर रोडला किती वाजता वळते,
कुठल्या टपरीशी थांबते, किती वेळ,
सगळं मला पाठ झालं. कुणी विचारलं नव्हतं.

पाचव्या की सहाव्या सिनेमाला
मी ऐकता ऐकता वाचायलाही लागले.
खाली लिहिलेलं: तीन उन्हाळे त्याच्याबरोबर निजले,
तुझ्याच अंथरुणात.
तो म्हणाला, "बहिणीकडे होते म्हणतेय."
खाली: तू मेलास की मी सगळ्या खिडक्या उघडीन.
तो: "काळजी घे म्हणतेय."

अख्खा देश त्यानं धुतला, वाळवला,
घडी घालून तिच्या मांडीवर ठेवला.
त्याच्या सिनेमात कुणी कुणाला फसवत नव्हतं.
सुरी मात्र निघायची. उगीचच.

एखादा शब्द इतका जपून गाळतो
त्याच्या घरात तो शब्द असणारच.
आणि मला, खरं सांगू, बरं वाटलं.
दुसरी असेल तर तिसरीला जागा असते.
हिशेब हा माझा धंदाच आहे.

श्रावणातल्या एका रविवारी ती एकटी आली.
माझ्या शेजारी बसली. "निजामाबादला गेलेत.
आज तुम्ही सांगा."

पडद्यावरच्या बायकोला
नवऱ्याच्या कोटात एक लाल हातमोजा सापडला,
लहान, तिच्या हाताला न होणारा.
तिनं तो दातांनी ओढून ओढून चढवला.
खाली अक्षरं आली. मी तोंड उघडलं
आणि त्याच्याच सुरात म्हणाले,
"मोजा छान आहे म्हणतेय."

शेडबाळेबाई हसल्या. मोठ्यानं. पुढची दोन डोकी वळली.
"लग्नाआधी सात वर्षं इंग्रजीच शिकवायचे मी, निपाणीला.
वाचता येतं हो.
ते काय गाळतात तेवढं बघायला येते.
आणि मागून तुम्ही किती झुकता, तेही.
श्वासाला गंधकाचा वास येतो तुमच्या.
बेदाण्याचा असेल."

नंतर कुणी काही सांगितलं नाही.
पडद्यावर हातमोज्यासकट कणीक मळली जात होती.

दिवे लागले. पंखा लागला.
पायरीवर चपला शोधताना तिनं विचारलं,
"निजामाबादला गेलेत ना हो खरंच?"

सकाळीच स्कूटर पाहिली होती मी.
वखारभागात, एका जिन्याखाली,
सीटवर पावसाचं पाणी साचू नये म्हणून
कुणीतरी साडीचा जुना तुकडा घातलेला.

"भाव चढलाय म्हणतात तिकडे," मी म्हणाले.

ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती.
जरा खाली, हनुवटीच्याही खाली,
अक्षरं उमटतात तिथे.